फोल्डस्कोप रिव्ह्यू: कागदाच्या मायक्रोस्कोपमधून बॅक्टेरिया खरंच दिसतात का?

सगळ्यांना जे विचारायचंय तेच आधी सांगून टाकते. हो, दिसतात, पण सगळे नाही, आणि ज्यांच्यासाठी बरेच जण हा विकत घेतात ते दह्यातले बॅक्टेरिया तर यातून नीट दिसतच नाहीत. तरीसुद्धा मी याला पाचपैकी साडेचार देतेय. का ते खाली सविस्तर लिहिते, लांबणार आहे, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मी सातारा जिल्ह्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. म्हणजे मायक्रोस्कोपला डोळा लावणं हेच माझं रोजचं काम, रक्ताची स्लाइड असो, युरीन असो, नाहीतर थुंकीची स्लाइड. थुंकीची स्लाइड निगेटिव्ह म्हणायच्या आधी ऑइल इमर्शनखाली (भिंग आणि काच यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवून) १०० फील्ड, म्हणजे एका वेळी दिसणारे १०० गोल भाग, बघायचे असतात, त्यामुळे जे सहज दिसत नाही ते शोधत बसायची सवय हाताला आणि डोळ्याला लागलेली आहे. हा फोल्डस्कोप घेतला भाचीसाठी, ती आठवीत आहे, सूक्ष्मजीवांचा धडा आहे तिला, पण पुस्तकातलं चित्र आणि खरी वस्तू यात किती फरक असतो हे तिला दाखवायचं होतं. लॅबमध्ये तिला रोज नेता येत नाही आणि बरा कंपाउंड मायक्रोस्कोप घरी घ्यायचा म्हणजे हजारोंचं काम. ऑनलाइन खेळण्यातले मायक्रोस्कोप मिळतात १२०० पट लिहिलेले, त्यांच्या नादी लागू नका, नुसतं मोठं करून उपयोग नसतो, बारीक तपशील सुटा व्हायला लागतो, आणि त्या प्लॅस्टिकच्या भिंगांत तो होत नाही, मोठा केलेला धूसर डाग दिसतो फक्त.

वस्तू काय आहे ते सांगते. पाकिटातून वॉटरप्रूफ जाड कागदासारखा एक शीट येतो, त्यातून तुकडे सुटे करायचे, रंगांच्या खुणा बघत घड्या घालायच्या, आणि एक गोळी-भिंग असलेला छोटा भाग मधोमध बसवायचा. नट, बोल्ट काही नाही. हात बसला की दहा मिनिटांत जोडून होतो, पहिल्यांदा जास्त वेळ लागेल, पण मुलांनाच जोडू द्या, मोठ्यांनी हिसकावून घेऊ नका. स्लाइड आत सरकवायची, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी पट्टी डावीउजवीकडे, वरखाली हलवायची, आणि फोकस करायला कागदाचीच एक पट्टी ओढायची किंवा ढकलायची. साधी काचेची स्लाइड पण बसते, आणि हे मला फार आवडलं कारण लॅबमध्ये जी स्लाइड वापरते तीच इथं लावता येते.

हा बनवला मनु प्रकाश आणि त्याचा विद्यार्थी जिम सिबुल्स्की यांनी, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात. मनु प्रकाश मूळचा मेरठचा, आयआयटी कानपूरला कॉम्प्युटर सायन्स शिकला, मग एमआयटीला पीएचडी. २०११ च्या सुमारास भारत आणि थायलंडमध्ये फिरताना त्याच्या लक्षात आलं की एखाद्या फील्ड स्टेशनवर महागडा मायक्रोस्कोप असतो, पण मोडेल या भीतीनं त्याला कुणी हातच लावत नाही. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडच्या किती शाळा आठवल्या, जिथं मायक्रोस्कोप कपाटात कुलूपबंद असतो आणि फक्त प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी बाहेर निघतो. त्यावर त्यानं काढलेला उपाय म्हणजे मोडायची भीतीच काढून टाकायची. २०१४ साली त्यांनी पेपर छापला, त्यात सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्याही आत दाखवला होता, पायाखाली आला तरी चालतो, तिसऱ्या मजल्यावरून पडला तरी चालतो असं त्यात आहे. त्यानंतर त्यांनी १३० देशांत मिळून ५० हजार फोल्डस्कोप वाटले, पुढं तो आकडा १० लाखांच्या वर गेला. आपल्या केंद्र सरकारच्या बायोटेक्नॉलॉजी विभागानंही २०१५ मध्ये त्यांच्याशी करार केला आणि शाळा-कॉलेजांना यासाठी पैसे दिले, ईशान्य भारतात त्याचं बरंच काम झालं. २०१६ मध्ये मनु प्रकाशला अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. एवढं सगळं सांगतेय कारण अजूनही काही जण याला खेळणं समजतात. तसं नाहीये ते.

आता आकडे, कारण विकत घेताना इथंच गोंधळ होतो. नेहमी मिळणारा फोल्डस्कोप १४० पट मोठं दाखवतो आणि साधारण २ मायक्रॉनपर्यंतचा तपशील सुटा करतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपली लाल रक्तपेशी ७-८ मायक्रॉनची, यीस्टची पेशी ५ ते १०, केस साधारण ५० ते १००. हे सगळं आरामात दिसतं. पण आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा बॅक्टेरिया १ ते २ मायक्रॉन लांब आणि जाडीला त्याहून कमी. दह्यातला लॅक्टोबॅसिलस लांबीला बरा असतो पण जाडी अर्धा-पाऊण मायक्रॉन, आणि त्याच्यासोबत जो स्ट्रेप्टोकोकस असतो तो गोल, एक मायक्रॉनपेक्षाही लहान, साखळीत असतो. लॅबमध्ये आम्ही हे बघतो १००० पटीवर, भिंग आणि काच यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवून, तिथं ०.२ मायक्रॉनपर्यंत सुटं दिसतं. म्हणजे दहा पटींचा फरक आहे. एका ऑनलाइन दुकानानं यावर ‘दह्यातले जंतू स्पष्ट पहा’ असं लिहिलं होतं, त्यावर विश्वास ठेवून घेऊ नका.

तरी आम्ही दही करून बघितलंच, आणि करून बघा असंच मी म्हणेन. दही थेट स्लाइडवर ठेवलं तर काहीच कळत नाही, सगळीकडे प्रोटीनचे गठ्ठे आणि फॅटचे गोळे. म्हणून दह्यावरच्या निवळीचा एक थेंब घ्या, तो भरपूर पाण्यात विरघळवा, त्यातला थेंब स्लाइडवर पातळ पसरा, वाळू द्या, स्लाइडची खालची बाजू ज्योतीवरून झटकन दोन-तीनदा फिरवा म्हणजे थर काचेला चिकटतो (आम्ही याला फिक्स करणं म्हणतो, मोठ्या माणसानंच करायचं), मग जेन्शियन व्हायोलेटचा थेंब, मिनिटभर थांबा, हळूच पाण्यानं धुवा. औषधाच्या दुकानात मिळतं ते, पूर्वी तोंड आल्यावर लावायचे तेच जांभळं औषध. एवढं करून फोल्डस्कोपमध्ये बघितलं तर जांभळी बारीक धूळ पसरल्यासारखं दिसलं, मधेमधे एखादी केसासारखी रेघ. मग तीच स्लाइड मी लॅबमध्ये नेली, तेल टाकून सगळ्यात ताकदवान भिंगाखाली लावली आणि भाचीला बोलावून दाखवली, तिथं लांब काड्या आणि मण्यांसारख्या साखळ्या एकदम लख्ख. ती म्हणाली, ‘मावशी, म्हणजे ती धूळ म्हणजे हेच होतं?’ हेच होतं. धूळ दिसत होती तेव्हाही बॅक्टेरियाच दिसत होते, फक्त एकेकटा ओळखू येत नव्हता. हा फरक मुलांना एकदा डोळ्यांनी कळला की मग पुस्तकातल्या कुठल्याही फोटोकडे ती वेगळ्या नजरेनं बघतात, हा फोटो किती पट मोठा केलाय, रंग खरा आहे की दिलेला आहे, असे प्रश्न आपोआप यायला लागतात.

इथं मला लेवेनहूकबद्दल लिहायचंच आहे, त्याच्याशिवाय या वस्तूचा रिव्ह्यू पूर्ण होत नाही. अँटनी व्हॅन लेवेनहूक, हॉलंडमधलं डेल्फ्ट गाव, जन्म १६३२, मृत्यू १७२३, कापडाचा व्यापारी, शिवाय नगरपालिकेत छोटी-मोठी पदं. विद्यापीठात गेला नाही, लॅटिन येत नव्हतं, फक्त डच. आणि या माणसानं जगात पहिल्यांदा बॅक्टेरिया बघितले, तेही एका भिंगाच्या मायक्रोस्कोपमधून. आपल्याकडे शाळेत त्याला एका ओळीत संपवतात, ‘लेवेनहूकने सूक्ष्मजीव शोधले’, झालं. पण त्याचं खरं काम म्हणजे पन्नास वर्षं रोज बघत राहणं. १६७३ पासून तो लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला पत्रं लिहायला लागला ते मरेपर्यंत, दोनशेच्या आसपास पत्रं. त्यानं असले मायक्रोस्कोप पाचशेच्या आसपास बनवले असं मानतात, त्यातले आज मोजके उरलेत. दोन छोट्या धातूच्या पट्ट्या, मध्ये एक बारीक भिंग, मागं सुई आणि स्क्रू, सुईच्या टोकावर नमुना, आणि पूर्ण वस्तू डोळ्याला जवळजवळ टेकवून उजेडाकडे धरायची. फोल्डस्कोप हातात घेऊन खिडकीकडे तोंड केलं की आपण अगदी त्याच पोझमध्ये उभे असतो.

आणि साम्य नुसतं पोझचं नाही. लेवेनहूकनं आपली भिंगं कशी बनवली हे कुणाला सांगितलं नव्हतं, साडेतीनशे वर्षं लोक अंदाज करत होते. पट्ट्या रिव्हेट मारून बंद केलेल्या, उघडल्या तर वस्तू खराब होणार. म्हणून नेदरलँड्समधल्या संशोधकांनी डेल्फ्टच्याच रिअॅक्टरमध्ये न्यूट्रॉनचा झोत वापरून आत काय आहे ते बघितलं, २०२१ मध्ये ते छापून आलं. उट्रेख्तच्या म्युझियममध्ये त्याचा एक मायक्रोस्कोप आहे, उरलेल्यांतला सगळ्यात ताकदवान, २६६ पट मोठं दाखवणारा, आणि त्याच्या आत निघाली काचेची एक गोळी, दीड मिलिमीटरपेक्षाही लहान. घासून बनवलेलं भिंग नाही, काचेचा बारीक धागा ज्योतीत धरून वितळवला की टोकाला जी गोळी तयार होते ती, आणि ही पद्धत इंग्लंडमधल्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानं १६६५ च्या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच सांगून ठेवली होती. फोल्डस्कोपमध्येही गोळीच असते, साधारण अडीच मिलिमीटरची. गोळी जितकी लहान तितकी ती जास्त मोठं दाखवते, सरळ हिशोब आहे, म्हणून त्याचा २६६ आणि आपला १४०. म्हणजे १६७० च्या दशकात तो माणूस जे बघत होता ते आपल्या हातातल्या वस्तूच्या दुप्पट ताकदीच्या भिंगातून, आणि त्यात रंग नाही, विजेचा दिवा नाही, मोबाईल नाही.

१६७६ च्या ऑक्टोबरमधलं त्याचं पत्र सगळ्यात गाजलं. मिरी जिभेला तिखट का लागते हे शोधायला त्यानं मिरी पाण्यात भिजत घातली होती, मिरीच्या कणांना बारीक टोकं वगैरे असतील अशी त्याची कल्पना होती. काही आठवड्यांनी त्या पाण्यात त्याला इतके बारीक जीव दिसले की लंडनमधले लोक विश्वासच ठेवेनात. मग त्यानं गावातल्या प्रतिष्ठित आठ जणांना बोलावून दाखवलं आणि त्यांचे दाखले पाठवले. हूकनं स्वतः मिरीचं पाणी करून बघितलं, पहिल्यांदा जमेना, शेवटी १६७७ च्या नोव्हेंबरमध्ये सोसायटीच्या सभासदांना दाखवलं तेव्हा कुठं मान्य झालं. १६८० मध्ये लेवेनहूकला सोसायटीचा फेलो, म्हणजे सभासद, करून घेतलं, पण सोसायटीच्या बैठकीला तो कधी गेला नाही, डेल्फ्टमध्ये बसून बघत राहिला.

माझं सगळ्यात आवडतं पत्र १६८३ च्या सप्टेंबरमधलं. स्वतःचे दात तो रोज मिठानं घासायचा, तरी दाढांच्या फटीत पिठासारखं पांढरं काहीतरी राहायचं, ते काढून त्यानं पावसाच्या पाण्यात आणि थुंकीत मिसळलं आणि बघितलं, आत वेगवेगळ्या चालीचे जीव. काही सुसाट जाणारे, काही भोवऱ्यासारखे गरगर फिरणारे. मग त्यानं दुसऱ्यांचे दात बघितले, दोन बायकांचे, आणि एका म्हाताऱ्याचे ज्यानं आयुष्यात कधी दात घासले नव्हते, त्याच्या तोंडात तर गर्दीच गर्दी. व्हिनेगर टाकलं की ते मरतात हेही बघितलं. या पत्रासोबत जी चित्रं आहेत ती बॅक्टेरियाची पहिली ओळखता येणारी चित्रं, आणि त्यातल्या एकाचा मार्ग ठिपक्यांनी काढलाय, कुठून निघाला, कुठं पोचला. तीनशे चाळीस वर्षांपूर्वी कागदावर हालचाल दाखवायची म्हणजे काय अक्कल लागत असेल! आणि चित्रं तो स्वतः काढत नव्हता, आपल्याला चित्रकला येत नाही हे ओळखून त्यानं चित्रकार ठेवला होता, पगार देऊन. आज सूक्ष्मजीवशास्त्रातल्या कुठल्याही मोठ्या लॅबमध्ये इमेजिंगचं वेगळं माणूस असतं, त्याची सुरुवात ही म्हणायला हरकत नाही.

हे सगळं सांगून मी परत फोल्डस्कोपवर येते, कारण लेवेनहूकचं कसब भिंगात होतं तेवढंच उजेडात आणि नमुना बनवण्यात होतं, आणि फोल्डस्कोप तुम्हाला नेमकं तेच शिकायला लावतो. आमच्या लॅबच्या मायक्रोस्कोपमध्ये खाली कंडेन्सर (उजेड नमुन्यावर एकवटणारं भिंग) असतो, डायफ्रॅम (उजेड कमीजास्त करायची झडप) असतो, दिवा जागेवर पक्का असतो, आम्ही नव्या मुलांना शिकवतो की जिवंत, न रंगवलेलं काही बघायचं असेल तर कंडेन्सर खाली घ्या आणि डायफ्रॅम बारीक करा, नाहीतर उजेडात सगळं धुऊन जातं. मुलं पाठ करतात पण का ते कळत नाही. फोल्डस्कोपमध्ये यातलं काहीच नाही, तुम्हीच कंडेन्सर. पांढऱ्या भिंतीकडे धरून बघा, मग ट्यूबलाइटकडे, मग खिडकीच्या कडेला असं धरा की उजेड थोडा तिरका येईल, आणि अचानक एका कोनात मागचं काळपट होतं आणि पाण्यातले बारीक कण चमकायला लागतात. मला स्वतःला इतकी वर्षं मायक्रोस्कोपवर काम करूनही ही गोष्ट एवढी हाताला लागली नव्हती. लेवेनहूक असलंच काहीतरी करत असणार असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे. सूर्याकडे मात्र चुकूनही धरायचं नाही, भिंगातून थेट ऊन डोळ्यात जाईल, हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावून सांगा. डीलक्स किटमध्ये सेलवर चालणारा छोटा एलईडी येतो, रात्री बघायला बरा पडतो, त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपरचा तुकडा लावला तर उजेड सारखा पसरतो.

चष्मा असेल तर काढा, डोळा अगदी जवळ न्या, पापण्या जवळजवळ टेकल्या पाहिजेत, आणि दुसरा डोळा मिटू नका, उघडाच ठेवा, थोड्या वेळानं मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मधला गोल भाग स्पष्ट दिसतो आणि कडा धूसर दिसतात, ते गोळी-भिंगाचं लक्षणच आहे, तुमचा पीस खराब नाही.

आता ज्यासाठी साडेचार दिलेत ते. यातून खरे बॅक्टेरिया, एकेकटे, स्पष्ट बघायचे असतील तर दह्याचा नाद सोडा आणि मोठे बॅक्टेरिया शोधा. पाण्याच्या टाकीच्या कडेला, मोरीच्या बाहेर, गोठ्याच्या मागं सतत ओल असते तिथं काळपट हिरवा बुळबुळीत थर येतो ना, तो टाचणीच्या टोकानं इवलासा घ्या, पाण्याच्या थेंबात सुईनं मोकळा करा, वर कव्हरस्लिप (पातळ काच) ठेवा. बहुतेक वेळा त्यात ऑसिलेटोरिया सापडतो. लोक याला शेवाळ म्हणतात पण हा बॅक्टेरिया आहे, सायनोबॅक्टेरिया, त्याच्यात केंद्रक नाही, प्रकाशसंश्लेषण मात्र करतो. निळसर हिरवे सरळ धागे, आत आडव्या रेघा, आणि थोडा वेळ थांबलात तर धागे हलतात, एकमेकांवरून सरकतात, टोक हळूहळू डोलतं. भाची ओरडली, ‘मावशी, हे बघ की, सरकतंय हे!’ मी बघितलं तर खरंच छान चाललं होतं, रंग न देता, १४० पटीवर, कागदाच्या वस्तूतून जिवंत बॅक्टेरिया चालताना. लॅबमध्ये आम्ही बॅक्टेरिया बघतो ते सगळे मारून, वाळवून, रंगवून, त्यामुळे हे बघताना माझंही मन भरून आलं, खोटं कशाला सांगू.

दुसरी जागा अॅझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं एक छोटं नेचं. आपल्याकडे बरेच दूधवाले शेतकरी खड्ड्यात ताडपत्री टाकून अॅझोला वाढवतात, जनावरांना घालायला. त्याच्या पानाच्या आत एक पोकळी असते आणि त्यात अॅनाबिना नावाचा सायनोबॅक्टेरिया राहतो, तोच हवेतला नायट्रोजन धरून देतो, म्हणून अॅझोलात प्रोटीन एवढं. एक पान घ्या, स्लाइडवर पाण्याच्या थेंबात दुसऱ्या काचेनं दाबून चेचा, आणि बघा, मण्यांच्या माळा बाहेर येतात. मधेच एखादा मणी थोडा मोठा आणि फिकट दिसतो, तो हेटेरोसिस्ट, नायट्रोजनचं काम तिथं चालतं. शेजारच्या काकांकडे पिढ्यान्‌पिढ्या गाई-म्हशी आहेत, त्यांना दाखवलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, ‘आन्‌ हे ह्या पानात हुतं व्हय?’ त्यांच्यासाठी हे पान म्हणजे फक्त खाद्य होतं.

पावसाळ्यात खडकावर, गच्चीवर जेलीसारखे हिरवट काळे गोळे येतात, तो नॉस्टॉक, तोही बॅक्टेरियाच, तोही छान दिसतो. (साताऱ्याकडचे असाल तर कास पठारावरून काही उचलू नका, आपल्या गच्चीवर भरपूर मिळतं.) तळ्यातल्या पाण्यात स्पायरोगायरा मिळेल, हिरवी स्प्रिंग असलेले धागे. ते शैवाल आहे, बॅक्टेरिया नाही, पण लेवेनहूकनं १६७४ मध्ये आपल्या गावाजवळच्या तळ्यातल्या पाण्यात असलेच हिरवे वेटोळे बघून लिहिले होते, म्हणून आम्ही ते मुद्दाम बघितलं.

एक गोष्ट मात्र मुलांना नीट सांगा. पाण्यात सगळ्यात बारीक कण थरथरताना दिसतील, जागच्या जागी हलणारे, ते सगळे जिवंत नसतात. पाण्याचे रेणू त्यांना सगळीकडून धक्के देतात म्हणून ते हलतात, तिला ब्राउनियन हालचाल म्हणतात. जो दिशा धरून जातो, थांबतो, वळतो, तो जिवंत असण्याची शक्यता जास्त. खात्री करायची असेल तर लेवेनहूकची युक्ती वापरा, कडेनं व्हिनेगरचा थेंब सोडा. पोहणारा थांबेल, धूळ थरथरतच राहील.

मोबाईलला लावायची सोय पण आहे, छोटं चुंबक कॅमेऱ्याभोवती चिकटवायचं आणि फोल्डस्कोप त्याला टकटक बसतो. व्हिडिओ चांगले येतात, ऑसिलेटोरियाचा तर मस्त येतो, टाइमलॅप्स करून बघा. माझं मत मात्र असं की पहिले काही दिवस मोबाईल लावूच नका. डोळ्यानं बघा आणि वहीत पेन्सिलनं काढा. काढायला बसलं की धाग्याची टोकं गोल की टोकदार, रेघा किती जवळजवळ, हे सगळं परत परत बघावं लागतं, फोटो काढला की माणूस बघायचं थांबवतो. आणि वहीत चित्राशेजारी नमुना कुठला, तारीख, आणि आकाराचा अंदाज लिहायची सवय लावा. आकारासाठी स्लाइडच्या कडेला आपला एक केस ठेवायचा, साधारण ७०-८० मायक्रॉनचा धरून त्याच्याशी तुलना करायची. लेवेनहूक वाळूच्या कणाशी तुलना करायचा.

काय करू नका तेही सांगते. रक्त, थुंकी, जखमेतला पू असलं काही घरी बघू नका. फोल्डस्कोपमागचा विचार मलेरियासारख्या आजारांच्या निदानापासून सुरू झाला होता हे खरं, पण घरातला १४० पटीचा फोल्डस्कोप निदानासाठी नाही, तुम्हाला काही दिसलं किंवा नाही दिसलं त्यावरून आजार आहे-नाही ठरवायचं नाही, खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी द्या, तपासणी फुकट होते. दाताचा थर चालेल, स्वतःचा, वापरलेली काडी लगेच टाकून द्या. त्यात गालाच्या मोठ्या पेशी मस्त दिसतात आणि त्यांच्यावर बॅक्टेरियाची बारीक ठिपक्यांची रास, ठिपके एकेक ओळखू येणार नाहीत, पण मोठी पेशी आणि तिच्यावरचे ते ठिपके एका नजरेत दिसले की आकाराचा फरक पोरांच्या डोक्यात पक्का बसतो.

अर्धा स्टार का कापला? एक तर किटमधल्या माहितीपत्रकात उजेड कसा धरायचा यावर अजून बरंच लिहायला हवं होतं, नवीन माणूस पहिल्या दिवशी पांढरं धुकं बघून कंटाळू शकतो. आणि १४० च्या पुढचं भिंग सहज मिळायला हवं. २०१४ च्या पेपरात त्यांनी २००० पटींच्या वर जाणारी भिंगंही वापरून दाखवली होती, तसलं काही शाळांना परवडेल असं मिळालं तर दह्यातल्या साखळ्याही घरी दिसतील आणि मग मी पाचाला पाच देईन.

कुणी घ्यावा? सहावी-सातवीच्या पुढची मुलं, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची मुलं (यांनी तर जरूर), शेतकरी, शिक्षक. चार-पाच वर्षांच्या लहानग्यांना फोकस करणं जमत नाही, त्यांच्यासाठी हातातलं साधं भिंग बरं. घरी एकटादुकटा घेत असाल तर डीलक्स किट घ्या, डब्यात स्लाइड, कव्हरस्लिप, चिमटा, ड्रॉपर सगळं येतं आणि लगेच काम सुरू होतं. शाळेसाठी घेत असाल तर साधे घ्या पण प्रत्येक मुलाला एक मिळेल असे घ्या, चौघांत एक दिला की एकच बघतो आणि बाकीचे ‘मला दे, मला दे’ करत राहतात, आणि काचेच्या स्लाइडचं खोकं आपल्या गावातल्या सर्जिकलच्या दुकानातून घ्या, तिथं स्वस्त पडतं. भिंगाला बोट लावू नका, तेलकट डाग पडला तर चष्म्याच्या मऊ कापडानं हलकेच पुसा. वापरलेल्या स्लाइड ब्लीच टाकलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवून मग धुवा, आणि अॅझोला मागायला जाताना शेतकऱ्याला दाखवायला फोल्डस्कोप बरोबर घेऊन जा.